काकडी दोन, बदाम पाच

कराडच्या एका दवाखान्याबाहेरच्या बाकावर मी वीस वर्षं बसतोय. सलग नव्हे, महिन्यातून दोनदा. तरी त्या फळीला आता माझ्या बैठकीचा खोलगटपणा आलाय. मी एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. बॅग, टाय, चकचकीत बूट, आणि ज्याला बघून रांगेतले पेशंट 'हा आता मधे घुसणार' म्हणून आधीच चिडलेले असतात, तो माणूस.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तिथल्या कंपाउंडरला वेळ जात नव्हता. "या साहेब, तुमचं बी बघू," म्हणत त्याने मला वजनकाट्यावर चढवलं आणि सवयीने आत ओरडला, "ब्याण्णव पॉइंट चार!" त्याचं काही चुकलं नाही. तो वजन ओरडतो, डॉक्टर आत लिहून घेतात, वर्षानुवर्षं असंच चाललंय. पण बाकावरचे झाडून सगळे पेशंट माझ्याकडे वळले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा राग जाऊन तिथे चक्क कणव आली. त्या दिवशी मला सगळ्यांनी आपणहून पुढे सोडलं.

आत डॉक्टरांनी माझं व्हिज्युअल एड, म्हणजे औषधांची माहिती दाखवायचं सचित्र पुस्तक, मिटवून बाजूला ठेवलं. "तुझं एचबीएवनसी किती रे?"

एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर. मी गप्प. चाळिशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या प्रत्येकाची ही तपासणी करायला हवी, हे त्यांना गेली कित्येक वर्षं मीच सांगत आलोय. त्यांनी हात धरून रक्त काढायला लावलं. आकडा आला ६.२. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. ही ओळ मला पाठ आहे, कारण ती माझ्याच व्हिज्युअल एडच्या तिसऱ्या पानावर छापलेली आहे. शेजारी डोक्याला हात लावून बसलेल्या एका जाड्या माणसाचं चित्र आहे. आजवर तो मला परका वाटायचा.

"विकता विकता गिऱ्हाईक होशील बरं का," डॉक्टर म्हणाले.

घरी बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. २०१८च्या सुमारास महाराष्ट्रात घरोघरी डाएटचे जे दोन पक्ष पडले, ते आमच्या घरात अजून नांदतात. थोरला भाऊ दीक्षितांचा: दिवसातून दोनदाच जेवायचं, पंचावन्न मिनिटांत आटपायचं. वहिनी दिवेकरांची: दर दोन तासांनी थोडं थोडं. दोन्ही डाएट एकदम करण्याचा विनोद तुम्ही मोबाइलवर वाचलाच असेल. मी तो वीस वर्षं जगत होतो. आईचा तिसराच पक्ष: "उन्हातान्हाचा फिरतोय पोर, अर्धपोटी कसा राहील?" पोर सत्तेचाळीस वर्षांचं आहे.

शेवटी साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळच्या एका आहारतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. वयाने माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल, पण आवाज आमच्या झोनल मॅनेजरचा. तिने गणित मांडलं. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रोज ५०० कमी खाल्ल्या तर आठवड्याला सुमारे अर्धा किलो जाईल. "टार्गेट आठवड्याला अर्धा किलो, सर." टार्गेट या शब्दाने माझ्या पोटात गोळा आला, आणि त्यात कॅलरी शून्य.

"आणि खाल्लेलं सगळं लिहायचं. वेळ, पदार्थ, प्रमाण. रोज रात्री मला पाठवायचं."

इथे तिची चूक झाली. एमआरला रोजचा रिपोर्ट भरायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाचा हिशेब ठेवायला सांगणं.

बाहेरच्यांसाठी सांगतो. आम्हाला रोज डीसीआर भरावा लागतो, डेली कॉल रिपोर्ट. आज कुठल्या दहा डॉक्टरांना भेटलो, कुठल्या पाच केमिस्टकडे गेलो, कोणती गोळी दाखवली. आता पाऊस असतो, डॉक्टर लग्नाला गेलेले असतात, गाडी पंक्चर होते. कॉल होतात सहा आणि रिपोर्टात जातात दहा. याला आम्ही खोटेपणा म्हणत नाही, रिपोर्टिंग म्हणतो. इतक्या वर्षांत माझा हात असा बसलाय की बोटं आपोआप चालतात.

पहिला आठवडा मात्र मी प्रामाणिक होतो. डब्यात दोन ज्वारीच्या भाकऱ्या, मटकीची उसळ, काकडी. बॅगेच्या पुढच्या कप्प्यात सॅम्पलशेजारी फुटाण्यांची पुडी आणि मोजून पाच बदाम. घर साडेआठला सोडायचं, सातारा ते कराड पन्नासेक किलोमीटर मोटारसायकल, मग जिने. लहान गावांत दवाखाने नेहमी पहिल्या मजल्यावर का असतात, हे गुडघे दुखणाऱ्या पेशंटांनी कधीतरी विचारायला हवं. अकरा वाजता भूक लागायची. साधी नाही, नाव घेऊन हाक मारणारी.

भुकेचं एक संप्रेरक असतं, घ्रेलिन. १९९९ साली जपानी संशोधकांनी ते शोधलं. मुख्यतः जठरातच तयार होतं आणि नेहमीच्या खाण्याच्या वेळेआधी वाढतं. म्हणजे भूक पोट रिकामं झालं म्हणून येतेच असं नाही. तिला वेळापत्रक पाठ असतं. माझी अकराची भूक उंब्रजच्या एका भज्यांच्या गाड्याने लावून दिलेली होती, एकची कराडच्या मिसळीने, साडेचारची स्टॉकिस्टकडच्या, म्हणजे औषधांच्या घाऊक विक्रेत्याकडच्या, समोशाने. आणि लक्ष दिलं नाही तर ती काही वेळाने ओसरतेही. आमच्या लाइनमध्ये याला 'डॉक्टर बिझी आहेत, नंतर या' म्हणतात. भूक निमूट परत जाते. पण आम्ही जसे संध्याकाळी पुन्हा हजर होतो, तशी तीही होते.

फुटाण्यांचा मात्र एक धोका मॅडमनी सांगितला नव्हता. सकाळी दवाखान्यात उपाशीपोटीची शुगर द्यायला आलेली माणसं बसलेली असतात. रात्रीपासून त्यांच्या पोटात काही नसतं. अशा आठ-दहा जणांमध्ये बसून मी कुडुम कुडुम फुटाणे खायला लागलो, तेव्हा एका आजोबांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी फक्त जप्तीला आलेल्या माणसावर पडलेली पाहिली आहे. तेव्हापासून मी फुटाणा तोंडात नुसता धरून ठेवतो. पाच मिनिटांत मऊ पडतो. त्याच तोंडाने "गुड मॉर्निंग सर" म्हणायची वेळ आली की तेवढी पंचाईत.

आणि मग तो आवाज. कोरेगावच्या एका मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये मी आमची पॅन्टोप्राझोल ही अॅसिडिटीची गोळी समजावत होतो. "सर, जेवणाआधी अर्धा तास," मी म्हणालो आणि माझ्या पोटातून ट्रॅक्टर सुरू झाल्यासारखा एक लांबलचक घरघराट आला. थांबला. मग चढाला लागल्यासारखा पुन्हा आला. तपासणीच्या टेबलावर एक बाई झोपल्या होत्या, डॉक्टरांचा स्टेथोस्कोप त्यांच्या पोटावर होता. डॉक्टरांनी तो कानातून काढला, आवाज तरीही येतच होता.

"जेवणाआधी अर्धा तास म्हणालास ना? मग जा, जेव," ते म्हणाले. टेबलावरच्या बाई एवढ्या हसल्या की त्यांचं पोट दुखायचं थांबलं असावं.

त्याची कारणमीमांसा आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेली आहे. पोट रिकामं झालं की दर दीड-दोन तासांनी जठरापासून आतड्याकडे आकुंचनाची एक लाट जाते आणि उरलंसुरलं पुढे झाडून नेते. आवाज त्या झाडलोटीचा. हे त्या क्षणी सांगावं असं फार वाटलं, पण डॉक्टरांनी पुढचा पेशंट बोलावला होता.

दुसऱ्या आठवड्यात आमचे एरिया मॅनेजर जॉइंट वर्किंगला आले. साहेब बरोबर असले की जेवण कंपनीच्या खर्चाने. ढाब्यावर त्यांनी अख्खा मसूर मागवला. आमच्याकडचा अख्खा मसूर म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, त्याला सांगून उपयोग नाही. वर तेलाचा लालभडक तवंग, आत घट्ट मसूर, शेजारी गरम रोटी आणि चिरलेला कांदा. मी डबा उघडून काकडी काढली. साहेबांनी घास हातातच धरला. "काय रे, राजीनामा वगैरे देतोयस का?" वीस वर्षांत मी फुकटचं जेवण पहिल्यांदा नाकारत होतो, त्यांची शंका रास्त होती. शंका दूर करण्यासाठी मी एक रोटी घेतली. मग विश्वास दृढ करण्यासाठी आणखी दोन.

त्या रात्री मॅडमना पाठवताना बोटं आपोआप चालली. 'दुपारी १.३०: भाकरी दोन, उसळ एक वाटी, काकडी दोन. ४.३०: बदाम पाच.' एकदा हात सुटला तो सुटलाच. केमिस्टच्या मुलीला दहावीच्या सराव परीक्षेत चांगले मार्क पडले, त्याने कंदी पेढे दिले. नोंद झाली 'बदाम पाच'. वाईला पाऊस लागला, आडोशाला भजी होती; 'काकडी दोन'. महिन्याअखेर माझा रिपोर्ट इतका सुंदर झाला होता की तो वाचून मलाच अशक्तपणा वाटायला लागला.

मॅडमनी आढावा घेतला. कागद पुढे, पेन हातात. "सर, रिपोर्टिंग छान आहे तुमचं. मग रिझल्ट का दिसत नाही?"

देवाशपथ सांगतो, शब्दन् शब्द हेच वाक्य गेल्याच आठवड्यात मीटिंगमध्ये मला ऐकावं लागलं होतं. कॉल भरपूर, सेल का नाही? तिथे मी पावसाला आणि जेनेरिकला दोष दिला होता. इथे म्हणालो, "मॅडम, माझी हाडंच जड आहेत."

तिने काही विचारलं नाही फारसं. एवढंच म्हणाली, "चहा कुठे दिसत नाही यात."

चहा! चहा काय खाण्यात धरतात? दुसऱ्या दिवशी सहज मोजला. घरी दोन, केमिस्टकडे तीन, स्टॉकिस्टकडे एक, टपरीवर इतर कंपन्यांच्या एमआरबरोबर तीन. नऊ. कपात दोन चमचे म्हणजे दहाएक ग्रॅम साखर धरली तर दिवसाला ९० ग्रॅम, म्हणजे ३६० कॅलरी, दूध वेगळंच. जी ५००ची तूट काढायची होती ती टपरीवरच संपत होती, तीही उधारीत.

चहा मोजताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली, ती जरा जिव्हारी लागली. नवांपैकी एकाही चहाच्या वेळी मला भूक किंवा तलफ नव्हती. मी थांबलो होतो. डॉक्टर राउंडला गेलेत, थांब. केमिस्टच्या काउंटरवर गर्दी आहे, थांब. आमचा धंदाच थांबण्याचा. फिरतो म्हणतात, पण फिरणं दोन तास आणि थांबणं सहा तास. त्या सहा तासांत हाताला, तोंडाला काहीतरी हवं असायचं आणि त्याला मी भूक म्हणत होतो. भज्यांचा गाडादेखील दवाखान्याच्या समोर असतो, तो उगाच नव्हे.

मग चहा दोनवर आणला, तोही बिनसाखरेचा. पहिले चार दिवस जगाशी भांडलो, नंतर सवय झाली. बाकावर बसून पाणी पितो आणि लोकांचे एक्स-रे पिशवीतून डोकावून वाचतो. जूनपर्यंत कंपाउंडर "एकोणनव्वद!" असं ओरडला. बाकावरच्या एका मावशींनी टाळी वाजवली.

आणि मग आषाढ. महिन्याभरापूर्वी भरलेल्या टूर प्रोग्रॅममध्ये मी लोणंद-फलटण नेमकं त्याच दिवशी टाकलं होतं, ज्या दिवशी माउलींची पालखी लोणंदहून तरडगावला निघते. रस्ता माणसांनी भरलेला. दुपारचे दोन, गाडी बाभळीखाली लावून उभा, डबा घरी विसरलेला, बॅगेतले फुटाणे संपलेले. शेजारीच एक दिंडी जेवायला बसली होती.

"माउली, बॅगेत पायदुखीची गोळी हाय का?" एका आजींनी विचारलं.

"नाही हो, माझ्याकडे शुगरची आहे."

"ती कशाला? आळंदीपासनं चालतोय आम्ही." त्यांनी माझ्या पोटाकडे एकदा बघितलं, पण बोलल्या नाहीत. "बसा. दोन घास खा."

"मी जेवून..." म्हणालो आणि पोटातला ट्रॅक्टर सुरू झाला. आजी थोड्या दचकल्या. पुढच्या मिनिटाला माझ्या मांडीवर पत्रावळ होती. चुलीवरची भाकरी, वर पिठलं, बाजूला मिरचीचा ठेचा, त्यावर कच्चं तेल. टाय खांद्यावरून मागे टाकून मी मातीत मांडी घातली. खाताना घड्याळ बघितलं नाही. आजूबाजूला टाळ वाजत होते आणि थांबलेलो असूनही मी पहिल्यांदाच भुकेने जेवत होतो.

रात्री मोबाइल हातात घेतला. बोटं सवयीने 'काकडी' लिहायला लागली, ती खोडली. लिहिलं: 'दु. २.१०. लोणंद-तरडगाव रस्ता. भाकरी अडीच, पिठलं भरपूर, ठेचा, तेल. कारण: माउली म्हणाल्या.' पाठवून डोळे मिटून पडलो.

पावणेअकराला उत्तर आलं. एवढ्या रात्री तिने कधीच उत्तर दिलं नव्हतं. तिचं स्वतःचं जेवण साडेसातला होतं, तिनेच सांगितलेलं.

"ठेचा हिरवा की लाल?"

"हिरवा. खलबत्त्यातला."

बराच वेळ नुसतं 'टायपिंग' दिसत राहिलं. थांबलं. पुन्हा सुरू झालं.

"उद्या पालखी कुठे असते, सर?"