पाम बीचचा ट्रॅक हवाच, पण सेक्टरच्या आतल्या गल्ल्यांचं काय?

नवी मुंबईत नेरुळच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन आठवडे झाले पाम बीच रोडला वेगळा सायकल ट्रॅक हवा की नको यावरून जुंपलीये, आणि मी इथे नेदरलँड्सच्या हाउटनमध्ये बसून सगळं वाचतेय. ट्रॅक हवाच. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच रोडवर सायकल चालवताना इंटेलचे माजी अधिकारी अवतार सैनी कॅबच्या धडकेनं गेले, ते कसं विसरणार?

पण माझा ११ वर्षांचा पुतण्या काही पाम बीचवर जाणार नाहीये. त्याला दोन सेक्टर पलीकडे क्लासला जायचंय, आणि दादा त्याला सायकल काढू देत नाही कारण मेन रोडचा सिग्नल टाळायला गाड्या आमच्याच गल्लीतून सुसाट निघतात, दोन्ही बाजूंना पार्किंग, फुटपाथवर स्कूटर, मग पोरानं चालवायची कुठून?

हाउटनला गावाभोवती रिंग रोड आहे. गाडीनं शेजारच्या वस्तीत जायचं तर आधी बाहेर रिंग रोडला लागायचं, वळसा घालायचा, मग परत आत. सायकल मात्र सरळ गावाच्या मधून स्टेशनपर्यंत. माझी ९ वर्षांची लेक एकटी शाळेत जाते, आणि घरापासून पहिला टप्पा ट्रॅकबिक काही नाही, साधी गल्ली आहे, फक्त गाडीला तिथून आरपार जाता येत नाही त्यामुळे तिथं राहणारे सोडून कोणी गाडी आणतच नाही!

'डच लोकांच्या रक्तातच सायकल आहे' हे ग्रुपवर कोणीतरी टाकलंच. अहो, १९७१ साली या एवढ्याशा देशात रस्ते अपघातांत ३ हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात ४०० च्या वर मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांच्या हत्या थांबवा म्हणून आंदोलन केलं, तेव्हा कुठे सरकार हललं.

आणि आपल्याकडे तर सिडकोनं सेक्टर पाडूनच दिलेत, मोठे रस्ते बाहेरून, शाळा-बाग-मार्केट आत. मधल्या गल्लीत तीन खांब रोवायचे, म्हणजे सायकल जाईल पण गाडी आरपार जाणार नाही, एवढंच मागणं आहे माझं. अँब्युलन्ससाठी मधला खांब काढता येणारा ठेवायचा, इथेही असतात तसे. रिक्षाला वळसा पडेल, चार पैसे जास्त होतील, ते मला मान्य आहे. बाइकवाले फटीतून घुसणार हे मात्र खरंय, म्हणून खांबांच्या अलीकडे-पलीकडे रस्ता उचलून घ्यावा लागेल, नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांनी कोणी थांबत नाही. पावसाळ्याचं म्हणाल तर पाऊस इथेही पडतो, आपल्यासारखा धो धो नाही, जुलैत पुतण्या रिक्षानं जाईल की, पण निदान ऑक्टोबर ते मे तरी जाऊ दे ना.

दादा म्हणाला मीटिंगमध्ये विषय काढतो, पण पार्किंगवरून सगळे अंगावर येतील. मी म्हटलं पार्किंगला आत्ता हातच लावू नकोस, फक्त आरपार जाणाऱ्या गाड्या किती ते संध्याकाळी क्लास सुटायच्या वेळी गॅलरीत बसून तासभर मोज. काल पुतण्याचा मेसेज आला, वही घेऊन तोच बसलाय.