मिसिंग

लोखंडी सिलिंडरची जुनी 350 बुलेट परभणीच्या रस्त्यावर मिसिंग मारायला, म्हणजे मधेच ठोके चुकवायला, लागली की तीन मिनिटांत चौघं जमतात आणि चौघांचं निदान एकच: "मामा, कारबेटरात कचरा आलाय." पेट्रोल अन् हवा मिसळणारा कार्बोरेटर बिचारा उघड्यावर लटकतो, त्याचा स्क्रू सगळ्यांना दिसतो. पॉइंट, म्हणजे उघडझाप करून प्लगला ठिणगी पाडायला लावणारे धातूचे दोन तुकडे, मात्र काळ्या टोपणाखाली झाकलेले. चोरी झाली की पारावर बसलेल्याला आधी धरायचं, तसलीच ही गत.

मी म्हणतो, पेचकस खिशात राहू द्या, गाडी काय म्हणायलीय ते ऐका. पाच-सात किलोमीटर झकास पळून मान टाकली, तर टाकीचं झाकण उघडा. 'सुस्स' करून हवा आत गेली म्हणजे झाकणाचं भोक धुळीनं बुजलंय. टाचणीचं काम.

गार असताना गुणी आणि वीस मिनिटांत तापून फटाके फोडायला लागली, तर संशय कंडेन्सरवर, म्हणजे पॉइंटमधली ठिणगी दाबणाऱ्या डबीवर, घ्यावा. (मे महिन्यात परभणीत गार इंजिन बघायचं तर पहाटे पाचला उठावं लागतं, ते सोडा.) टोपण काढून अंधारात गाडी चालू ठेवा. पॉइंटमध्ये ठळक ठिणग्या उडायल्यात, एका तोंडाला खड्डा अन् दुसऱ्याला टेंगूळ आलंय, म्हणजे कंडेन्सर गेला. नवा टाका. पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं घासा, मग कोरा कागद मधे धरून ओढा, काळं यायचं थांबेपर्यंत. तेलकट बोट लागलं की पुन्हा पहिल्यापासून.

आता गॅप, म्हणजे पॉइंटमधली फट. प्लग काढायचा, चौथा गियर टाकून मागचं चाक हातानं फिरवायचं. पॉइंट पूर्ण उघडले की फट 0.35 ते 0.40 मिमी हवी. नेमका इथंच कुणीतरी हेक्सा ब्लेडचा तुकडा पुढं करतो. ब्लेड असतं साधारण 0.6 मिमी. प्लगच्या फटीला एकवेळ चालून जाईल, पॉइंटला नाही. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढं सरकतं, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडते, आणि किक उलटी बसून घोट्याचा मागचा सगळा हिशोब चुकता होतो. उलट पॉइंट उघडणारा फायबरचा तुकडा झिजला की फट मिटते अन् गाडी म्हशीसारखी चालते. म्हणून आधी गॅप, मगच टायमिंग: कॉम्प्रेशनवर (दोन्ही व्हॉल्व्ह बंद, पिस्टन वर चढतोय) पिस्टन वरच्या टोकापासून 0.8 मिमी खाली असताना पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. चावी चालू ठेवली तर त्याच क्षणी अँपियर मीटरचा काटा मधे येतो.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची (पुशरॉडची) ढिलाई, इंजिन गार असतानाच बघायचे. पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. पुशरॉड दोन बोटांनी फिरावा, पण वरखाली हलू नये.

एवढं झाल्यावर कार्बोरेटर. हवेचा स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत, मग दीड आटा बाहेर. गाडी एका लयीत ठोके द्यायला लागते. मी हात धुवायला वळतो. परत येईस्तोवर चौघांपैकी कुणीतरी तोच स्क्रू पाऊण आटा आत दाबलेला असतो, हवा कमी पडून सायलेन्सर काळा धूर ओकायला लागतो, आणि तो म्हणतो, "बघा मामा, मी म्हणलो नव्हतो का, कारबेटरच!"