छोटा एल की मोठा आय

घरच्या लॅपटॉपवरून क्लाउडमध्ये लॉगिन करायचं होतं, ब्राउझरमधून नाही, टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करून. काम दहा मिनिटांचं, गेली सगळी दुपार. डोकं अजून तापलेलंच आहे.

नवी ॲक्सेस की (आयडी आणि सिक्रेट, युजरनेम-पासवर्डसारखी जोडी) काढायला गेले तर म्हणे एका युजरला दोनच मिळतात. दोन्ही मीच कधीतरी काढलेल्या, त्यांची सिक्रेट कुठे ठेवलीत देव जाणे, म्हणून जुनी सरळ उडवली (हे लक्षात ठेवा, पुढे रडायचंय) आणि नवी काढली. 'सिक्रेट आत्ताच काय ते दिसेल, नंतर नाही' अशी धमकी स्क्रीनवर आली आणि नेमके तेव्हाच सासरे मागे येऊन उभे. अप्पांनी बँकेत कित्येक वर्षं लॉकर सांभाळलेत.

"एकदाच दाखवणार? मग लिहून घे."

"अप्पा, त्याची फाईल डाउनलोड होते."

"आणि लॅपटॉपच बसला म्हणजे?" म्हणेपर्यंत वही उघडून बसलेसुद्धा. "हं, सांग."

40 अक्षरं! छोटा के, मोठा क्यू, सात, स्लॅश. स्लॅश कुठल्या बाजूला कललेला? मोठा ओ का शून्य? अकराव्या अक्षराला गाडी अडकली. छोटा एल की मोठा आय? त्या फॉन्टात दोन्ही म्हणजे नुसती उभी काठी.

"मला नाही कळत अप्पा."

"अगं, किल्ली तुझी ना?"

मग व्याख्यान. लॉकरला दोन किल्ल्या, एक गिऱ्हाइकाची, एक बँकेची, दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही. "तुझ्याकडे आयडी पण, सिक्रेट पण, आणि ठेवणार दोन्ही एकाच फाईलीत, साध्या अक्षरांत? मग चोराने करायचं काय बाकी राहिलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं म्हणजे अजूनही नाहीये.

शेवटी कॉन्फिगर केलं, म्हणजे नवी की टर्मिनलच्या फाईलीत भरली. की, सिक्रेट, रीजन (कुठल्या भागातले सर्व्हर), आउटपुट फॉरमॅट, चार प्रश्न, चार उत्तरं, एंटर. टोकन इनव्हॅलिड! परत केलं, परत तेच. शेवटी स्पेस चिकटली असेल म्हणून पाहिलं, लॅपटॉपचं घड्याळ चुकलं असेल म्हणून तेही पाहिलं. अप्पा मागून, "मी म्हटलं होतं, तो आय असणार."

तासाभराने सापडलं. जुनी की मीच पूर्वी कधीतरी बॅशआरसीत (टर्मिनल उघडलं की आपोआप वाचली जाते ती यादी) एक्स्पोर्ट करून ठेवलेली, आणि असं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे टर्मिनलने आधीच लक्षात धरलेली किंमत, असलं की कॉन्फिगर केलेल्या फाईलीला कोण विचारतो. म्हणजे मी नवी फाईल घासूनपुसून भरतेय आणि ते आपलं दर वेळी मेलेली की पुढे करतंय. म्हणजे मी कशाला हातच लावला नसता तर लॉगिन आधीपासून चालूच होतं! की कुठून उचलली हे दाखवणारी वेगळी कमांड आहे म्हणे, अरे पण मग एररमध्येच लिहा ना तेवढं, एका ओळीने काय झिजणार होतात? इनव्हॅलिड म्हणे. कोणती इनव्हॅलिड?

ती ओळ काढली, टर्मिनल नवीन उघडलं, लॉगिन झालं. अप्पांनी वहीतलं पान नीट फाडून कपाटात ठेवलंय. अकराव्या जागी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे, आणि मी समोरून गेले की विचारतात, "कळलं का गं?"