जुना कॉम्प्युटर म्हणजे दुर्मीळ कॉम्प्युटर नव्हे

‘माळ्यावर पडलेला १९८०च्या दशकातला कोणताही कॉम्प्युटर आज दुर्मीळ आहे, लिलावात लाखोंना जातो, भंगारात देऊ नका,’ असा मजकूर सारखा फिरत असतो. सोबत बहुधा ‘ॲपल-१’चा, म्हणजे ॲपलच्या पहिल्या कॉम्प्युटरचा फोटो. भंगारात देऊ नका, हे मला मनापासून मान्य आहे. बाकीचं चुकीचं आहे, आणि त्यापायी नवे संग्राहक भलत्याच यंत्रांवर पैसे घालवतात.

आधी वयाचं पाहू. कमोडोर ६४ हा घरगुती कॉम्प्युटर आला १९८२ साली. एकूण किती विकले यावर वाद आहेत, पण प्रचलित अंदाजांतला कमीतला आकडाही सव्वा कोटीच्या आसपास आहे. सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम त्याच वर्षीचा, तोही ५० लाखांच्या घरात. ही यंत्रं जुनी आहेत, पण युरोपात आजही सहज मिळतात. कमी आढळतात ते सुरुवातीचे, रुपेरी नाममुद्रेचे आणि पाच पिनांच्या व्हिडिओ सॉकेटचे कमोडोर. अर्थात नाममुद्रा बदलता येते, केसही बदलता येते. म्हणून झाकण उघडून बोर्ड पाहावा. बहुतेक चिपांवर चार आकडे छापलेले असतात: ८२४३ म्हणजे १९८२चा ४३वा आठवडा. एखादीच चिप नंतरची असेल तर दुरुस्ती झाली असेल. सगळ्याच नंतरच्या असतील तर आतला बोर्डच वेगळा आहे.

‘किती बनले ते पाहिलं की झालं,’ हाही त्यातलाच एक समज. किती बनले यापेक्षा किती उरले हे महत्त्वाचं, आणि ॲपलची लिसा हे त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण. १९८३ साली ९,९९५ डॉलरला आलेल्या पहिल्या लिसात ‘ट्विगी’ नावाचे दोन फ्लॉपी ड्राइव्ह होते. ते भरवशाचे निघाले नाहीत. १९८४ला लिसा-२ आली तेव्हा ॲपलने जुन्या ग्राहकांना ते फुकट बदलून देऊ केले, आणि लोकांनी आनंदाने बदलून घेतले. पुढे १९८९ साली सुमारे २,७०० न विकलेल्या लिसा युटामधल्या लोगन गावच्या कचराभूमीत पुरल्या गेल्या. म्हणून आज नुसती ‘लिसा’ सापडणं वेगळं आणि मूळ ट्विगी ड्राइव्हसह सापडणं फार वेगळं. ‘लिसा आहे’ एवढ्यावर कोणी भाव सांगत असेल तर आधी समोरच्या फ्लॉपीच्या फटी मोजाव्यात: ट्विगीच्या दोन असतात.

किमतीवरून दुर्मिळता ठरवणं तर सरळ उलटं आहे. ॲपल-१ सुमारे २०० बनले, तेव्हाची किंमत ६६६.६६ डॉलर; त्यातला एक २०१४ला हेन्री फोर्ड संग्रहालयाने ९,०५,००० डॉलरला घेतला. हा आकडा संख्येइतकाच ॲपलच्या नावाचा आहे. त्याच काळात सीपी/एम या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारी यंत्रं काढून बुडालेल्या छोट्या कंपन्या कितीतरी होत्या. त्यांची यंत्रं क्वचित दिसतात, आणि दिसली तरी फारसा भाव येत नाही, कारण लहानपणी ती कुणाच्या घरात नव्हती. शिवाय मागितलेली किंमत म्हणजे किंमत नव्हे. प्रत्यक्ष विकली गेलेलीच धरावी.

आपल्याकडचं म्हणाल तर मी बीबीसी मायक्रो या ब्रिटिश कॉम्प्युटरकडे बघेन. ब्रिटनमध्ये तो मुबलक आहे, १५ लाखांच्या आसपास बनले. १९८४पासून ‘क्लास’ या शालेय संगणक-साक्षरता योजनेतून तो भारतातल्या शाळांत आला, आणि सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडने त्याची भारतीय आवृत्ती ‘युनिकॉर्न’ नावाने काढली. शाळेची यंत्रं डेड स्टॉक रजिस्टरमधून निघतात ती थेट भंगारात. त्यामुळे ‘युनिकॉर्न’ लिहिलेलं काही कुठल्या शाळेच्या अडगळीत दिसलं तर चालतं का हे बघायला प्लग लावू नका, पॉवर सप्लायमधले जुने कपॅसिटर फुटून धूर निघू शकतो. आधी उघडा, बोर्डाचे आणि चिपांवरच्या आकड्यांचे फोटो काढा, आणि रजिस्टरमधली ती नोंदही जपून ठेवा.