लागू नाही

शिक्षणशास्त्रात पीएचडी करणाऱ्या माणसाला 'औषधाची मात्रा किती?' हा प्रश्न आयुष्यात एकदाच विचारला जातो, तो एथिक्स कमिटीच्या, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीती समितीच्या अर्जात. विषय असतो 'इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांच्या अपूर्णांकविषयक संकल्पना', आणि अर्ज विचारतो: औषध तोंडावाटे देणार की शिरेतून? रक्ताचा नमुना किती मिलिलिटर? दुष्परिणाम झाल्यास उपचार कुठे? अपूर्णांक तोंडावाटे दिले तर डोक्यात शिरत नाहीत हे आम्हा शिक्षणशास्त्रवाल्यांना केव्हाचं ठाऊक आहे. शिरेतून देऊन अजून कोणी पाहिलेलं नाही. तेव्हा लिहायचं: लागू नाही.

आणि ते लिहायचंच. रकाना कोरा ठेवला किंवा नुसती आडवी रेघ मारली तर छाननी करणाऱ्या लिपिकाच्या दृष्टीने तो अपुरा अर्ज, आणि अपुरा अर्ज पुढच्या बैठकीला. मी तर म्हणतो, 'लागू नाही' असा रबरी शिक्काच करून घ्यावा. बायोडेटा, संमतीपत्र आणि माहितीपत्रक सोडलं तर निम्मा अर्ज त्या एका शिक्क्यात उरकतो.

हे असं का झालं, याला कारण आहे. आपल्याकडे माणसांवरच्या संशोधनाची नीती शिस्तीत लिहून काढली ती आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने. पहिलं धोरणपत्र 1980चं, मग 2000 आणि 2006च्या आवृत्त्या, आणि 2017ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं. ती आहेत जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधनासाठी. विद्यापीठांना समित्या नेमायची वेळ आली तेव्हा तयार अर्ज कुठे होता? मेडिकल कॉलेजात. तो आणला, वरचं नाव बदललं, आतलं इंजेक्शन तसंच राहिलं.

गंमत म्हणजे त्याच 2017च्या तत्त्वांत आमच्यासाठी एक खिडकी उघडी ठेवलेली आहे. अध्यापनपद्धतींची, अभ्यासक्रमांची किंवा वर्गव्यवस्थापनाच्या पद्धतींची तुलना असेल, धोका किमान पातळीच्याही खाली असेल आणि माहितीला कोणाची ओळख चिकटलेली नसेल, तर परीक्षणातून सूट मिळू शकते. हे वाचून उमेदवार पेढे वाटायला निघतो. पण सूट आहे की नाही हे ठरवायचं समितीने. म्हणजे अर्ज नको अशी परवानगी मिळवण्यासाठी अर्ज करायचा. शिवाय पूर्वचाचणी (शिकवण्याआधीची) आणि उत्तरचाचणीचे (शिकवल्यानंतरची) गुण एकाच मुलाचे आहेत हे जुळवायला हजेरी क्रमांक लागतो. हजेरी क्रमांक आला की ओळख चिकटली, आणि खिडकी बंद. मग उरतं ते मोजक्या सदस्यांचं त्वरित परीक्षण किंवा पूर्ण समितीपुढचं परीक्षण.

'किमान धोका' म्हणजे काय, तर निरोगी माणसाच्या रोजच्या आयुष्यात येतो त्याहून जास्त नसलेला. रोजचं आयुष्य कुणाचं, हा प्रश्न मात्र उरतो. सातवीतल्या मुलाच्या रोजच्या आयुष्यात फळ्यासमोर उभं राहून उत्तर न येणं, मागच्या बाकावरून खसखस, आणि 'तुझा मोठा भाऊ किती हुशार होता' हे सगळं येतं. त्या मापाने आमची तीस प्रश्नांची चाचणी म्हणजे विश्रांतीच. तरीही धोक्याच्या रकान्यात 'काहीही नाही' लिहू नये. अनुभवी सदस्य तिथेच पेन टेकवतो. 'चाचणी अवघड वाटल्यास मूल खट्टू होऊ शकतं. म्हणून गुण वर्गात वाचून दाखवले जाणार नाहीत आणि शिक्षकांना दिले जाणार नाहीत' असं लिहावं. समितीला धोका नको असतो असं नाही. तुम्हाला तो दिसला आहे, एवढं कळायला हवं असतं.

समितीत 7 ते 15 माणसं असतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचे, सदस्य-सचिव संस्थेतले, आणि त्यांत डॉक्टर, कायदेतज्ज्ञ, सामाजिक शास्त्रांचा अभ्यासक आणि एक 'सामान्य व्यक्ती'. ही सामान्य व्यक्ती काय करते असं लोक हसून विचारतात. मराठी माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचणारी बहुधा ती एकटीच असते. बाकीचे इंग्रजी प्रत वाचतात आणि मराठीचा अनुवाद 'बरोबरच असेल' म्हणून पुढे सरकतात. कोरमला, म्हणजे बैठक ग्राह्य धरायला, किमान 5 जण लागतात. चार जण चहा घेत बसलेत आणि पाचवे घाटात अडकलेत, अशा अवस्थेत पुष्कळ प्रबंधांचं एकेक सत्र गेलेलं आहे.

सत्राचं गणित आधी मांडावं. शाळा जूनच्या मध्याला उघडते, विदर्भात त्यानंतर. जूनमध्ये पाठ्यपुस्तकं आणि प्रवेश, ऑगस्टमध्ये झेंडावंदनाची तयारी, मग गणपती, मग सत्रपरीक्षा, मग दिवाळी. दुसऱ्या सत्रात डिसेंबर-जानेवारी स्नेहसंमेलनाचा, फेब्रुवारी-मार्च बोर्डाचा. दहावी-बारावीच्या केंद्रावर बाकीच्यांचे वर्ग व्हरांड्यात. पस्तीस मिनिटांच्या वीस तासिकांचा प्रयोग बसवायला दोनच जागा: जुलै ते गणपती, किंवा दिवाळी संपल्यापासून स्नेहसंमेलनाच्या नाचाची तालीम सुरू होईपर्यंत. समितीची बैठक दोन-तीन महिन्यांनी एकदा असेल आणि एक फेरी दुरुस्तीची धरायची असेल (धराच), तर जुलैत वर्गात उभं राहायला अर्ज फेब्रुवारीत आत गेला पाहिजे. आवक क्रमांक घेऊन. आवक क्रमांकाशिवाय दिलेला कागद हा फक्त कागद असतो.

आधी डेटा गोळा करू, मंजुरी मागून घेऊ, हा विचार ज्याच्या मनात आला नाही असा उमेदवार मी पाहिलेला नाही. ही वरातीमागून घोडं आणण्याची सोय समितीकडे नाही. मंजुरी मागच्या तारखेने मिळत नाही. पथदर्शी अभ्यासालाही, म्हणजे आधीच्या छोट्या रंगीत तालमीलाही, ती आधीच लागते, कारण त्यातली दहा मुलंसुद्धा मुलंच असतात. मंजुरीनंतर प्रश्नावलीत दोन प्रश्न घातले तरी दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. आणि शीर्षक: आरआरसीत, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीत, मान्य झालेलं आणि अर्जातलं शब्दशः एकच हवं. एकात 'परिणामकारकता' आणि दुसऱ्यात 'परिणामकारकतेचा अभ्यास' असेल, तर समितीच्या लेखी ती दोन संशोधनं.

आता परवानग्या. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर शिक्षणाधिकारी (प्राथमिक), तिथून गटशिक्षणाधिकारी, तिथून केंद्रप्रमुख, मग मुख्याध्यापक. समिती म्हणते आधी शाळेचं पत्र आणा, शिक्षणाधिकारी कार्यालय म्हणतं आधी समितीचं पत्र आणा. ही गाठ सोडवायची रीत म्हणजे 'नैतिक मंजुरीच्या अधीन राहून' असं तत्त्वतः परवानगीपत्र. हे चार शब्द पत्रात घालून घेतले की दोन्ही टेबलं हलतात.

मुख्याध्यापकांनी 'मुलं काय, आपलीच आहेत, घ्या की' असं म्हटलं म्हणजे मुलांनी संमती दिली असं होत नाही, इथे मात्र खरा पेच सुरू होतो. अठराच्या आतल्या मुलासाठी पालकाची संमती. वर मुलाचा स्वतःचा रुकार, म्हणजे होकार: 7 ते 12 वयाला तोंडी, पालकासमोर आणि नोंदवून, 12 ते 18ला लेखी, पालकाच्या सहीसह. सातवीच्या वर्गात बारा पुरी झालेली आणि न झालेली शेजारी शेजारी बसतात, तेव्हा दोन्ही प्रकारचे कागद न्यावेत आणि वयं शाळेच्या जनरल रजिस्टरवरून आधीच काढून ठेवावीत. तोंडी रुकाराला पालक समोर हवा, म्हणून ते काम पालकसभेच्या दिवशी करावं. दप्तरातून पाठवलेल्या फॉर्मचं काय होतं ते सर्वांना माहीत आहे: काही आजीकडे, काही डब्याखाली, काही विमान होऊन मैदानात. परत येतात त्यांत दोन-तीन सह्या वडिलांच्या नावाच्या आणि मुलाच्या अक्षरातल्या. मुलं म्हणतात, 'पप्पांनीच सांगितलं कर म्हणून.' तेही खरं असतं.

बीड, अहिल्यानगरच्या ऊसतोडीच्या गावांत हा फॉर्म दिवाळीनंतर नेला तर सही करायला घरी कोणी नसतं. आईवडील कारखान्याच्या फडावर, मूल आजीजवळ. आजी पालक आहे हे गावाला मान्य, पण समितीला 'कायदेशीर पालक' हवा. टोळ्या निघायच्या आत सह्या घ्याव्यात. अंगठा असेल तर निःपक्ष साक्षीदार लागतो, आणि तो संशोधक किंवा वर्गशिक्षक चालत नाही.

माहितीपत्रकाची भाषा हा वेगळा छळ. 'सदर संशोधनातील सहभाग ऐच्छिक असून सहभागी कोणत्याही टप्प्यावर विनाकारण माघार घेण्यास मुखत्यार राहील.' बारा वर्षांच्या मुलासाठी! मुखत्यार म्हणजे त्याला दिसतो तो तलाठी कार्यालयाबाहेर बसलेला माणूस. लिहायचं असं: 'तुला नको असेल तर नको म्हण. मधेच नको वाटलं तरी चालेल. सर, बाई रागावणार नाहीत. तुझ्या मार्कांत काही बदल होणार नाही.' हे लिहिलं की मार्गदर्शक म्हणतात, भाषा संशोधनाची वाटत नाही. त्यांच्यासाठी इंग्रजी प्रत आहेच.

आणि एवढं करून वर्गात काय घडतं? शिक्षक टेबलाजवळ उभे राहून म्हणतात, 'पाहुणे आलेत, छान सहकार्य करायचं. कोणाला भाग घ्यायचा नाही? हात वर करा.' हात वर होत नाही. होणारच नाही. आपल्या शाळेत हात वर करतात ते उत्तर येतं म्हणून किंवा लघवीला जायचं म्हणून. 'नको' म्हणायला हात वर करण्याची रीत नाही. तेव्हा शिक्षकांना त्या वीस मिनिटांपुरतं ऑफिसात चहाला पाठवावं, सगळ्यांना कागद वाटावेत आणि सगळ्यांकडून घडी घालून परत घ्यावेत, 'हो'चेही आणि 'नको'चेही. 'नको'वाल्यांसाठी त्या तासिकेला चित्रकलेचं काही तरी ठेवावं. मात्र ते फार मजेचं नको, नाहीतर नमुनाच रिकामा.

स्वतःच्याच बीएडच्या विद्यार्थ्यांना गूगल फॉर्म पाठवणारे प्राध्यापक हा याचाच मोठा अवतार. अंतर्गत गुण ज्याच्या हातात, त्याच्या फॉर्मला 'ऐच्छिक' लिहून तो ऐच्छिक होत नाही. गुण विद्यापीठाला गेल्यावर फॉर्म पाठवा, तोही सहकाऱ्यामार्फत. आणि फॉर्मच्या सेटिंगमध्ये ईमेल पत्ता गोळा होतोय का ते पाहा. 'आपली ओळख गुप्त राहील' या वाक्याच्या बरोबर वर पत्ता मागणारे फॉर्म फिरत असतात.

गोपनीयतेचं एक वचन मात्र देऊ नये. 'सांगितलेलं सर्व कोणालाही सांगितलं जाणार नाही' हे मुलाला लिहून देता येत नाही. मुलाखतीत लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली तर 2012च्या पॉक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कलम 19 प्रमाणे ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तो अपवाद माहितीपत्रकातच, सोप्या शब्दांत, आधी लिहायचा. या रकान्यात विनोद नाही.

नियंत्रित गटावरही, म्हणजे तुलनेसाठी जुन्याच पद्धतीने शिकणाऱ्या तुकडीवरही, समिती अडते, आणि बरोबर अडते. एका तुकडीला रंगीत पट्ट्यांनी अपूर्णांक, दुसरीला जुना खडू, असं का? उत्तर ठरलेलं आहे: उत्तरचाचणीनंतर दुसऱ्या तुकडीलाही तेच पाठ. ते वेळापत्रकात दाखवावे लागतात, म्हणजे आणखी दोन-तीन आठवडे, आणि पट्ट्यांचे दोन संच. पट्ट्या परत मागू नयेत.

मग एक दिवस मंजुरीचं पत्र येतं, जावक क्रमांकासह. प्रयोग होतो, दोन गटांतल्या फरकाचं टी-मूल्य निघतं, प्रबंध बांधला जातो आणि शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर, चढतो, जगात कोणालाही वाचायला. तिसऱ्या प्रकरणात लिहिलेलं असतं: शाळेची ओळख गुप्त राखण्यासाठी तिला 'शाळा अ' म्हटलं आहे. ऋणनिर्देशात शाळा अ च्या मुख्याध्यापकांचे नावगावासह मनःपूर्वक आभार. परिशिष्ट 4 मध्ये त्यांचं परवानगीपत्र, लेटरहेडवर, शाळेच्या अकरा आकडी युडायस (सरकारी ओळख) क्रमांकासह, गोल शिक्का ठसठशीत. परिशिष्ट 9 म्हणजे छायाचित्रं: प्रयोगगटातली मुलं पट्ट्या हातात धरून, छातीवर ओळखपत्र, मागे भिंतीवर शाळेचं नाव. संगणकावर मजकुरातल्या नावावर काळा चौकोन ठेवलेला असला तरी अनेकदा त्याखालची अक्षरं तशीच निवडून उतरवता येतात. खोडायचं असेल तर छापून, काळं करून, पुन्हा स्कॅन करावं.

आणि परिशिष्ट 5 मध्ये एक कोरं संमतीपत्र असतं. नमुना म्हणून. कोणाचीही ओळख त्यात नसते.