अपायकारक वस्तूंवर कर हवाच, पण तो नेमका कशावर बसतो हे पाहून

तंबाखू, मद्य, साखरेची पेये आणि अतिप्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ यांवर जादा कर लावण्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा दोन टोकांना जाते. 'सरकारने लोकांच्या ताटात डोकावू नये' असे एक बाजू म्हणते, तर 'महाग करा, म्हणजे लोक आपोआप सोडतील' असे दुसरी मानते. मी अशा कराच्या बाजूचा आहे, हे सुरुवातीलाच सांगतो. मात्र तो ज्या कारणासाठी सहसा मागितला जातो ते कारण मला पटत नाही, आणि ज्या पद्धतीने तो अनेकदा लावला जातो ती पद्धत तर त्याहूनही कमी पटते.

नेहमीचे कारण असे असते की, धूम्रपान करणारा किंवा रोज गोड पेये पिणारा माणूस पुढे आजारी पडतो, त्याच्या उपचारांचा भार सार्वजनिक रुग्णालयांवर म्हणजे पर्यायाने सर्वांवर येतो, तेव्हा तो खर्च त्याच्याकडूनच वसूल करावा. एखाद्या व्यवहाराची झळ त्या व्यवहारात नसलेल्या तिसऱ्यालाच बसत असेल तर तेवढा कर त्या व्यवहारावर लावावा, हा विचार आर्थर पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मांडला, आणि धूर सोडणाऱ्या कारखान्याच्या बाबतीत तो चोख लागू पडतो. माणसाच्या आयुष्याला तो लावला की मात्र हिशेब भलतीकडेच जाऊ शकतो. २००१ मध्ये फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने चेक प्रजासत्ताकाबद्दल एक अहवाल करवून घेतला होता. धूम्रपान करणारे लोक लवकर मरतात, त्यामुळे त्यांच्या निवृत्तिवेतनावरचा आणि म्हातारपणातील उपचारांवरचा सरकारी खर्च वाचतो, अशी रक्कम त्यात चक्क जमेच्या बाजूला धरलेली होती. संताप उसळल्यावर कंपनीला माफी मागावी लागली. तरीही 'उपचारांचा खर्च वसूल करा' असे म्हणणारा माणूस नकळत त्याच वाटेने चाललेला असतो, कारण त्याच्याही लेखी रुग्ण हा तिजोरीच्या खतावणीतील खर्चाचाच आकडा असतो. उद्या कोणी आकडेमोड करून दाखवले की अमुक एका व्यसनामुळे तिजोरीचे मुळीच नुकसान होत नाही, तर काय, त्यावरचा कर मागे घ्यायचा? या कराचे समर्थन करायचे असेल तर ते आजार टळावेत आणि माणसे अधिक काळ निरोगी जगावीत, एवढ्याच एका कारणासाठी करावे.

किंमत वाढल्याने वापर कमी होतो का, या प्रश्नाचे उत्तर तंबाखूच्या बाबतीत तरी निःसंदिग्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार तंबाखूची किंमत १० टक्क्यांनी वाढली तर श्रीमंत देशांत वापर सुमारे ४ टक्क्यांनी आणि मध्यम व कमी उत्पन्नाच्या देशांत सुमारे ५ टक्क्यांनी घटतो, आणि त्यातही तरुण मुले किमतीला सर्वांत आधी बिचकतात. व्यक्तिस्वातंत्र्याच्या आक्षेपाला माझे उत्तर याच ठिकाणी आहे. प्रौढ माणसाने स्वतःच्या शरीराचे काय करावे हे त्याने ठरवावे, हे मला मान्य आहे; परंतु धूम्रपान करणाऱ्यांपैकी बहुतेकांना ही सवय वयात येण्यापूर्वी किंवा नुकतेच येत असताना लागलेली असते, आणि निकोटीनची पकड बसल्यानंतर 'मी स्वेच्छेने ओढतो' या वाक्यातील स्वेच्छा फारशी उरलेली नसते. सोडण्याचा प्रयत्न वारंवार फसलेल्या कोणत्याही माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

गरिबांवर पडणारा बोजा हा आक्षेप मात्र मला खरोखर गंभीर वाटतो आणि कराचे समर्थक त्याची बोळवण फार लवकर करतात. त्यांचे ठरलेले उत्तर असे की, गरीब माणूस किमतीला अधिक जपतो, म्हणून तोच आधी वापर कमी करतो, आणि तंबाखू व मधुमेहाचे आजार गरिबांनाच अधिक ग्रासत असल्याने आरोग्याचा लाभही त्यांनाच अधिक होतो. हे सरासरीपुरते खरे आहे. पण सरासरीत न बसणाऱ्या घराचे काय? जिथे आजची कमाई आजच संपते अशा घरातील कर्ता माणूस सिगारेट सोडू शकत नाही, तेव्हा तो आधी स्वस्तातल्या ब्रँडकडे वळतो, मग पाकिटाऐवजी सुट्या सिगारेटी घेऊ लागतो, एकच सिगारेट अगदी बोटांना चटका बसेपर्यंत ओढतो, आणि एवढे करूनही भागले नाही की घरातल्या दुधाला, फळांना किंवा मुलाच्या वह्यांना कात्री लागते. आरोग्यासाठी लावलेला कर त्या घरात ज्यांनी कधी सिगारेटला हातही लावला नाही त्यांच्या तोंडचा घास काढून घेतो. कर रद्द करावा असे मी यामुळे म्हणत नाही, कारण कर नसता तर त्या घरातील मुलगाही कदाचित तीच सवय लावून घेईल. माझे म्हणणे एवढेच की, व्यसन सोडवण्याची मोफत आणि हाताशी असलेली मदत हा या कराचाच भाग मानला पाहिजे. ज्याला सोडण्याचा मार्गच दिलेला नाही, त्याच्यासाठी किंमतवाढ ही निव्वळ शिक्षा ठरते. मेक्सिकोत गोड पेयांवरील कराच्या मागणीबरोबरच शाळांमध्ये पिण्याच्या शुद्ध पाण्याची सोय करावी, ही मागणीही पुढे आली होती. बाटली महाग करायची असेल तर शेजारी पाण्याचा नळ असलाच पाहिजे.

आता पद्धतीकडे येतो. साखरेचे पेय असलेली अर्धा लिटरची एक बाटली हातात घ्या. दर्शनी बाजूला रसरशीत फळाचे चित्र असते. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत १०० मिलिलिटरमागे साडेदहा-अकरा ग्रॅम साखर असे लिहिलेले असते, आणि पुष्कळदा त्याखाली 'एका वेळचे प्रमाण' म्हणून बाटलीच्या निम्म्याहूनही कमी माप दिलेले असते. गुणाकार करायचे काम तहानलेल्या माणसाकडे सोपवलेले असते. तो केला तर एका बाटलीत पन्नास ग्रॅमहून अधिक साखर निघते. जागतिक आरोग्य संघटनेने वरून मिसळलेल्या आणि तत्सम साखरेची जी कमाल मर्यादा सांगितली आहे, ती २००० किलोकॅलरीच्या दैनंदिन आहारात साधारण ५० ग्रॅम येते, आणि शक्यतो ती २५ ग्रॅमच्या आत ठेवावी असे तिचे म्हणणे आहे. म्हणजे दिवसाची पूर्ण मर्यादा एका बैठकीत संपते.

या बाटलीवर कर दोन प्रकारे बसवता येतो. मेक्सिकोने २०१४ पासून लिटरमागे एक पेसो असा सरसकट कर लावला. त्यामुळे खप घटला: पहिल्या वर्षी सुमारे साडेपाच टक्के, दुसऱ्या वर्षी साडेनऊ टक्क्यांहून अधिक. पण या पद्धतीत जेमतेम गोड पेयावर आणि पाकासारख्या गोड पेयावर कर सारखाच बसतो, त्यामुळे उत्पादकाला साखर थोडीफार कमी करण्याचे काहीच कारण उरत नाही.

ब्रिटनने दुसरा मार्ग धरला. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही, ५ ते ८ ग्रॅमच्या दरम्यान लिटरमागे १८ पेन्स आणि ८ ग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल तर २४ पेन्स, अशा पायऱ्या केल्या. मार्च २०१६ मध्ये घोषणा झाली आणि अंमल एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाला. मधली दोन वर्षे हाच या कराचा खरा गाभा होता असे मला वाटते. कारखान्यांना पाककृती बदलायला, चव जुळवायला, नव्या बाटल्या बाजारात आणायला अवधी मिळाला आणि त्यांनी तो वापरला. आयर्न-ब्रू या स्कॉटलंडमधील लाडक्या पेयातील साखर १०० मिलिलिटरमागे १०.३ ग्रॅमवरून ४.७ ग्रॅमवर आली. चाहत्यांनी निषेध नोंदवला, जुन्या बाटल्यांचा साठाही केला, पण पेय विकले जात राहिले. काही मोठ्या कोला कंपन्यांनी मूळ चव बदलली नाही आणि कर भरणे पसंत केले. तरीही कराच्या कक्षेत येणाऱ्या पेयांतील साखरेचे सरासरी प्रमाण २०१५ ते २०१९ या काळात ४० टक्क्यांहून अधिक घटले. पहिल्या वर्षी ५२ कोटी पौंड मिळतील असा सुरुवातीचा सरकारी अंदाज होता, प्रत्यक्षात सुमारे २४ कोटी मिळाले. हिशेबनीस याला तूट म्हणेल, मला हे या कराचे सर्वांत मोठे यश वाटते. ज्याने कधी वेष्टनामागची बारीक अक्षरे वाचली नाहीत, ज्याला कर लागल्याचे कळलेही नाही, त्याच्या पोटात जाणारी साखरसुद्धा कमी झाली.

यालाही एक बाजू आहे. काढलेल्या साखरेच्या जागी बहुतेक ठिकाणी कृत्रिम गोडी आली, आणि वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा पर्यायांवर विसंबू नये असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे. अतिगोडाची चटक तशीच राहते, हे मलाही खटकते. तूर्त मी साखर कमी होण्याला अधिक महत्त्व देतो, पण पुढच्या टप्प्यात या गोडीचाही विचार करावा लागेल.

चुकीची वस्तू निवडली तर काय होते, याचे उदाहरण डेन्मार्कने घालून दिले. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथे संपृक्त मेदावर किलोमागे १६ क्रोनर कर आला. लोणी, चीज, मांस, तेल असे रोजच्या स्वयंपाकातले जिन्नस त्यात सापडले आणि सुक्याबरोबर ओलेही जळले. लोक खरेदीसाठी सीमेपलीकडे जर्मनीत जाऊ लागले, उत्पादक आणि दुकानदार वैतागले, आणि २०१३ उजाडताच कर रद्द झाला. फिलाडेल्फियातही २०१७ मध्ये गोड पेयांवर कर लागल्यानंतर शहरातील विक्री बरीच घटली, पण तिचा काही भाग शहराच्या हद्दीबाहेरच्या दुकानांत गेला. ऑस्ट्रेलियात सिगारेटवरील कर फार वर गेल्यानंतर अवैध तंबाखूचा धंदा फोफावला आहे. यांतून कर लावूच नये असे सिद्ध होत नाही; पण शेजारच्या हद्दीतील किंमत आणि तस्करी रोखण्याची कुवत न पाहता दर ठरवला तर तो कागदावरच राहतो, हे मान्य करायला हवे.

शेवटचा मुद्दा पैशाचा. थायलंडने २००१ मध्ये तंबाखू आणि मद्यावर २ टक्के अधिभार लावून तो थेट आरोग्य संवर्धनाच्या निधीकडे वळवला. फिलिपिन्सने २०१२ च्या कायद्याने तंबाखू व मद्यावरील वाढीव उत्पन्नाचा मोठा भाग सर्वांसाठीच्या आरोग्यसेवेला दिला. मला हे मार्ग योग्य वाटतात, परंतु त्यांतही एक धोका आहे. दवाखानाच सिगारेटच्या कमाईवर चालू लागला तर सिगारेटचा खप पडणे कोणालाच परवडेनासे होते, आणि मग दर अशा बेताने ठेवला जातो की उत्पन्न येत राहावे आणि सवयही सुटू नये. महागाई वाढत असताना ठरावीक रकमेचा कर वर्षानुवर्षे तसाच राहिला तर तो न बोलता कमी होत जातो. ब्रिटनमध्येही २०१८ चे दर कित्येक वर्षे जागचे हलले नव्हते. म्हणून असा कर लावणाऱ्या प्रत्येक सरकारने दरवर्षी अर्थसंकल्पात तीन गोष्टी शेजारी शेजारी मांडाव्यात, अशी माझी मागणी आहे: कर किती जमला, त्या वस्तूचा खप किंवा तिच्यातील साखर किती घटली, आणि व्यसन सोडवण्यावर किती रक्कम प्रत्यक्ष खर्च झाली. पहिला आकडा वर्षानुवर्षे फुगत असेल आणि दुसरा जागचा हलत नसेल, तर त्या कराला आरोग्याचे नाव देण्याचा अधिकार सरकारला उरत नाही, आणि तसे विचारणारा पहिला माणूस कराचा समर्थक असला पाहिजे.