‘साधी शिडी मागितली, जिना गळ्यात मारला’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की चाकणच्या गोदामासाठी साधी शिडी मागितली होती, आम्ही जिना, वॉकवे (छतावरून चालायची वाट) आणि लाइफलाइन (सेफ्टी बेल्ट अडकवायची दोरी) गळ्यात मारली, आणि त्यापायी स्टीलची ड्रॉइंग्ज तीन आठवडे अडकली.

उशिराबद्दल आधी माफी मागतो. त्यातला पहिला आठवडा पूर्णपणे आमच्यामुळे गेला. साइटवर येऊन समजावून सांगायला हवं होतं, आम्ही नुसतं कोटेशन मेल केलं. एवढा आकडा अचानक पाहून कुणीही चिडेल.

शिडीबद्दल मात्र मी ठाम आहे. जुन्या नकाशात ती लोडिंग डॉकच्या शटरशेजारी होती, जिथे दिवसभर ट्रक रिव्हर्स येतात. नऊ मीटर सरळ चढायचं आणि वर पोचल्यावर पहिलं पाऊल थेट पत्र्याच्या कडेला. त्या छतावर तुम्ही सोलर बसवणार आहात. म्हणजे पॅनेल धुवायला दर पंधरवड्याला माणसं पाइप, वायपर घेऊन वर जाणार, शिवाय पावसाळ्याआधी पन्हाळी साफ करायला. दोन्ही हातांनी शिडी धरायची तर पाइप कसा न्यायचा?

वॉकवे हवा तो उजेडासाठीच्या प्लास्टिक पत्र्यांमुळे. उन्हाने ते ठिसूळ होत जातात, आणि धूळ बसली की शेजारच्या लोखंडी पत्र्यातून वेगळे ओळखूही येत नाहीत. मी फॅब्रिकेशनमध्ये नवा असताना पन्हाळ साफ करणारा एक मुलगा अशाच पत्र्यातून माझ्यासमोर खाली आला. जीव वाचला, पण अंगमेहनतीचं काम कायमचं सुटलं.

‘दोरी बांधून जातील की,’ असं तुम्ही फोनवर म्हणालात. पण दोरी बांधायची कुठे? पर्लिन, म्हणजे छताच्या पत्र्यांखालची आडवी पट्टी, पातळ पत्र्याची असते. पडणाऱ्या माणसाचा हिसका तिच्या भरवशावर सोडता येत नाही. अँकर, म्हणजे दोरी अडकवायची कडी, मुख्य राफ्टरवर (छत पेलणाऱ्या मोठ्या तुळईवर) हवा आणि त्याचा भार पीईबीवाल्याने, म्हणजे गोदामाचा तयार स्टील सांगाडा बनवणाऱ्याने, स्टील कापण्याआधीच हिशेबात धरायला हवा. ड्रॉइंग्ज थांबवायला सांगितली ती यासाठी. हेच काम पत्रे चढल्यावर काढलं तर अँकरसाठी जागोजागी पत्रा भोसकावा लागेल, आणि पावसात गळती थेट तुमच्या मालावर.

ही आमची नवी टूमही नाही. उंचीवरून पडण्याचा धोका असेल तिथे कठडा किंवा दुसरी सोय करा, हे 1948 च्या कारखाना कायद्याच्या 32 व्या कलमातही होतं. तुमचं गोदाम त्यात बसतं की नाही हा वेगळा प्रश्न, पण छताची उंची तीच आहे.

खर्च कमी करता येईल. जिना मागच्या भिंतीला नेऊ, वॉकवे पॅनेलच्या रांगा आणि पन्हाळीपुरताच ठेवू. सुधारित ड्रॉइंगचे पैसे घेणार नाही. स्टील कटिंगला जाण्याआधी एक फोन करा, मी स्वतः नकाशा घेऊन येतो. आणि काम दुसऱ्या कुणाला द्यायचं ठरवलंत, तरी अँकरच्या जागांचा नकाशा आमच्याकडून घेऊन जा.